चार दिवसांचं काम अर्ध्या दिवसात होतं, शेठना सांगू का?

बडोद्याहून एका वाचक भगिनींचं मोठं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या 19 वर्षं अकाउंट्स सांभाळतात. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर 2बी, म्हणजे पुरवठादारांनी कारखान्याच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, येतं आणि 20 तारखेपर्यंत 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं असतं. मधल्या दिवसांत टॅलीतलं खरेदी रजिस्टर आणि 2बी एक्सेलमध्ये समोरासमोर ठेवून हजार-अकराशे बिलं जुळवायची, हे त्यांचं काम. त्याला चार दिवस लागत आणि घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजत. गेल्या वर्षी भाच्याने चॅटजीपीटी दाखवलं आणि आता तेच काम अर्ध्या दिवसात होतं. शेठना हे माहीत नाही. ताई उरलेले दिवस फाइल उघडी ठेवून बसतात आणि पूर्वीइतक्याच उशिरा घरी जातात. मुलगी बारावीला आहे.

त्या लिहितात, "पगार चार दिवसांचा घेते आणि काम अर्ध्या दिवसाचं करते. ही चोरीच ना? आणि 19 वर्षांत जे शिकले ते भाच्याच्या मोबाइलने चहा होईपर्यंत करून दाखवलं, मग माझी किंमत काय राहिली?" शेजारच्या टेबलावर 58 वर्षांचे एक काका आहेत. ते आजही प्रिंट काढून पेन्सिलीने टिका मारत बिलं जुळवतात. आपण तोंड उघडलं तर काकांची नोकरी जाईल, ही ताईंची मोठी भीती आहे. शेवटी त्यांनी जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत. घरच्या जीमेलने उघडलेल्या फुकट खात्यात त्या सगळं रजिस्टर तसंच्या तसं चिकटवतात, आणि एकदा पगारपत्रकही चिकटवलं होतं. दुसरी गोष्ट, एका महिन्यात त्या यंत्राने सांगितलेली बेरीज 36,000 रुपयांनी चुकली होती.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही ज्या गोष्टीने रात्री जागताय, तिथे मला फारसा दोष दिसत नाही. शेवटी सहज लिहून टाकलेल्या दोन गोष्टी मात्र मला जास्त काळजीच्या वाटतात. तरीही आधी तुमच्या जागरणाबद्दल बोलू, कारण मन हलकं झाल्याशिवाय पुढचं तुम्हाला ऐकूच येणार नाही.

चोरी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचं घेणं. शेठना 20 तारखेला बिनचूक 3बी हवं असतं आणि ते त्यांना मिळतंय. 19 वर्षांपूर्वी तुम्ही या नोकरीत आलात तेव्हा जीएसटीच नव्हता, तो 1 जुलै 2017 ला आला. तेव्हापासून कामाची पद्धत किती वेळा बदलली, आठवून पाहा. कधीतरी तुम्ही एक्सेलमधलं व्हीलुकअप हे शोधायचं सूत्र शिकलात आणि हाताने शोधायची बिलं आपोआप समोर यायला लागली. त्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये जाऊन "आता मला अर्धाच पगार द्या" असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि म्हणायचं कारणही नव्हतं. कामाची नवी रीत शिकणं हा कामाचाच भाग आहे. आजचं अवजार जास्त वेगवान आहे एवढाच फरक.

तुम्हाला टोचतंय ते दुसरंच काहीतरी आहे, असं मला वाटतं. फाइल उघडी ठेवून बसायचं, कुणी मागून आलं की स्क्रोल करायचं, काम चालल्याचा देखावा करायचा. सरळ माणसाला हे झेपत नाही. लपवायची सवय लागली की रोज त्यात थोडी भर पडते, आणि एक दिवस कुणीतरी विचारतं तेव्हा खरं सांगायची सोपी वेळ निघून गेलेली असते. म्हणून माझं उत्तर आधीच सांगते: शेठना सांगा. पण काय सांगायचं, कधी सांगायचं आणि त्याआधी काय आवरायचं, हे नीट ठरवून.

आता त्या 36,000 रुपयांकडे वळू. पत्रातला तो परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटला. राजकोटच्या एका पुरवठादाराकडून आलेल्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागांत, ब्लोहोल (हवेची भोकं) निघाले, लाखभर रुपयांचा माल परत गेला आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत गेलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, आली, असं तुम्ही लिहिलंय. लाखावर 18 टक्के म्हणजे 18,000 रुपये कर वजा व्हायला हवा होता. यंत्राने तो मिळवला. वजा व्हायचे ते अधिक झाले म्हणून फरक दुप्पट, 36,000. 2बीच्या फाइलमध्ये क्रेडिट नोटा वेगळ्या शीटवर असतात. तुम्ही सगळं एकाखाली एक चिकटवलं आणि या ओळी उलट्या चिन्हाच्या आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मात्र उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिलं की शंका यायला जागाच नव्हती.

तुम्हाला शंका आली, कारण ते कास्टिंग परत नेणारा टेम्पो तुम्ही फाटकातून बाहेर जाताना पाहिला होता. गेट पासवर सही तुमचीच होती. ताई, तुम्ही विचारता तुमची किंमत काय राहिली. ती या सहीत आहे. कोणता पुरवठादार बिल क्रमांकात आडवी रेघ घालतो आणि कोणता तिरकी, कोण तीन महिन्यांतून एकदाच रिटर्न भरतो म्हणून त्याची बिलं 2बीत उशिरा दिसतात, कोणाचा मुलगा धंद्यात आल्यापासून फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक दोन्ही बदललेत, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. एक्सेलच्या कोणत्याही रकान्यात ते सापडत नाही. भाच्याने चहा होईपर्यंत करून दाखवली ती जुळवाजुळव. जुळलेलं बरोबर आहे का, हे तो सांगू शकला नसता आणि त्याचं यंत्रही नाही.

इथे त्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट ही सगळी साधनं मुळात भाषेची आहेत. आधीचा मजकूर पाहून पुढे काय यावं याचा अंदाज बांधत ती लिहितात. "या आकड्यांची बेरीज कर" असं म्हटलं की कधी ती मागच्या बाजूला छोटा प्रोग्रॅम चालवतात आणि उत्तर बरोबर येतं. कधी नुसतंच बेरजेसारखं दिसणारं उत्तर लिहून देतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून हिशेबाचं काम करणाऱ्या कुणालाही माझं सांगणं एकच असतं: त्याच्याकडून उत्तर मागू नका, सूत्र मागा. बेरीज, शोध, तुलना हे एक्सेललाच करू द्या. सूत्र चुकलं तर ते शीटवर दिसतं, तपासता येतं, दुसऱ्याला दाखवता येतं. गप्पांच्या खिडकीत आलेली बेरीज तपासायला तुमच्याकडे काहीच नसतं.

दुसरं, मुकाट्याने होणाऱ्या चुका. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले होते. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी आत आल्याच नाहीत आणि कुणालाही सूचना मिळाली नाही. यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच नव्हती. एक्सेलने तर जीवशास्त्रज्ञांनाही वाकवलं आहे. जनुकांची नावं शीटमध्ये आपोआप तारखा बनून जात होती, म्हणून 2020 मध्ये अशी काही नावं अधिकृतपणे बदलावी लागली. तुमच्याकडे हेच बिल क्रमांकाचं होतं. पुरवठादाराचा बिल क्रमांक 5-12 असेल तर एक्सेल त्याची तारीख करतं. 0045 चं 45 होतं. 16 आकडी बँक खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे 15 च आकडे धरून ठेवतं. 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. असं बिघडलेलं शीट तुम्ही हुशारातल्या हुशार यंत्राला दिलंत तरी ते बिघडलेल्या आकड्यांवरच काम करणार.

म्हणून कामाची अशी घडी बसवून बघा. ही मी तुमच्या 2बीसाठी सांगतेय, पण शाळेचं निकालपत्रक करणाऱ्या बाईंना, सोसायटीचा मेंटेनन्स वसूल करणाऱ्या सेक्रेटरींना किंवा गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलांनाही ती लागू पडेल.

मूळ दोन्ही फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवून द्या आणि त्यांना हात लावू नका. काम नकलेवर करा. बिल क्रमांक आणि बँक खातं हे रकाने आधी टेक्स्ट करून मग डेटा आत आणा. नंतर केलंत तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. यंत्राला खरं रजिस्टर देऊच नका. फक्त रकान्यांची नावं आणि पाच-सहा बनावट ओळी द्या. "अबक ट्रेडर्स, खोटा जीएसटी क्रमांक, बिल 001" एवढं पुरतं. मग साध्या भाषेत सांगा. मराठीत सांगितलं तरी चालतं: दोन शीट आहेत, जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक जोडून प्रत्येक ओळीची एक खूण बनव, बिल क्रमांकातल्या रेघा, मोकळ्या जागा आणि सुरुवातीची शून्यं काढून टाक, मग ती खूण दुसऱ्या शीटमध्ये शोध, करात 1 रुपयापर्यंतचा फरक माफ कर, आणि प्रत्येक ओळीसमोर लिही: जुळलं, रक्कम वेगळी, फक्त आपल्याकडे, फक्त 2बीत. क्रेडिट नोटा उणे धर. तुमच्या एक्सेलची आवृत्ती कोणती हेही सांगा, कारण एक्सलुकअप जुन्या आवृत्तीत चालत नाही. तिथे व्हीलुकअप किंवा इंडेक्स-मॅच मागावं लागतं.

सूत्र आलं की लगेच डकवू नका. आधी त्यालाच विचारा, यातला प्रत्येक भाग काय करतो, आणि कोणत्या परिस्थितीत हे चुकेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फार कामाचं निघतं. एकाच पुरवठादाराची एकाच क्रमांकाची दोन बिलं आली तर, दोन आर्थिक वर्षांत तोच क्रमांक आला तर, एका बिलावर दोन दरांचा माल असला तर, अशा जागा ते स्वतःच दाखवतं. तुमच्या बनावट ओळींत यातल्या एक-दोन मुद्दाम घाला आणि सूत्र पकडतं का बघा.

मग ताळा. हे तुम्हाला मी काय शिकवणार? पण घाई झाली की पहिल्यांदा हाच सुटतो म्हणून सांगते. आधी किती ओळी होत्या आणि चार गटांत मिळून किती झाल्या? एकूण कर आधी किती होता आणि चार गटांचा मिळून किती? दोन्ही जुळलं नाही तर पुढे जायचं नाही. त्यानंतर "जुळलं" असं लिहिलेल्यांपैकी सगळ्यात मोठी पाच बिलं आणि डोळे मिटून निवडलेली दहा बिलं कागदाशी लावून बघा. न जुळलेली तर तुम्ही बघणारच. पण खोटं जुळलेलं बिल कुणी बघत नाही, आणि तेच पुढे महागात पडतं. चुकीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेऊन वापरलं तर 18 टक्क्यांनी व्याज लागतं, आणि नोटीस कारखान्याच्या नावाने येते. "मला यंत्राने सांगितलं होतं" हे उत्तर कुठलाही अधिकारी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

हे सगळं बसायला पहिल्या महिन्यात अर्ध्या दिवसाचा दीड दिवस होईल. होऊ द्या. वाचलेल्या वेळातला काही वेळ तपासण्याकडे गेलाच पाहिजे. तो न देता नुसती घाई केली, तर ती कारखान्याच्या जिवावरची उधारी होते.

आणखी एक सुचवते. या कामाला कृत्रिम बुद्धिमत्ता लागतेच असं नाही. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 2बीची फाइल आत घेऊन जुळवणी करायची सोय आहे. तुमच्या कारखान्यात कोणती आवृत्ती आहे ते बघा आणि टॅलीवाल्याला विचारा. नव्या साधनाच्या नादात हाताशी असलेलं साधन पाहायचं राहून गेलं, असं बऱ्याच ऑफिसांत दिसतं.

आता त्या दोनपैकी उरलेली गोष्ट, जी मला टाळता येणार नाही. तुम्ही रजिस्टर तसंच्या तसं चिकटवत होता. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक हे काही गुपित नाही, पोर्टलवर तो कुणालाही शोधता येतो. पण तुमचे शेठ कास्टिंग कोणाकडून, किती आणि काय भावाने घेतात, हे मात्र गुपित आहे. मकरपुऱ्यात तोच माल बनवणारे शेजारी असतील तर हा कागद त्यांच्यासाठी सोन्यासारखा आहे. तुमची फाइल त्यांच्या हाती पडली असं मी म्हणत नाही, तशी शक्यताही कमी आहे. पण ती कारखान्याबाहेर गेली, कुणाला न विचारता गेली, आणि फुकट खात्यांत आपण लिहिलेला मजकूर पुढच्या यंत्रांना शिकवायला वापरला जाऊ शकतो. पगारपत्रक तर त्याहून नाजूक. त्यात सहकाऱ्यांची नावं, पगार, बँक खाती असतात. ती माहिती त्यांची आहे, आणि वैयक्तिक माहिती जपण्यासाठी 2023 पासून देशात स्वतंत्र कायदाही आहे.

तुम्ही चोरी हा शब्द वेळेसाठी वापरलात. मला वाटतं मनाला लावून घ्यायची गोष्ट असेल तर ती ही आहे, आणि तीही सुधारता येण्याजोगी. आजच्या आज त्या खात्यातले जुने संवाद पुसा. सेटिंगमध्ये आपला मजकूर शिकवणीसाठी वापरू देण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. भाच्याच्या मोबाइलवर काही राहिलं असेल तर तेही पुसायला सांगा. यापुढे खरी नावं, खरे भाव, पगार, आधार, पॅन, बँक खातं यातलं काहीही फुकट खात्यात नाही. बनावट ओळींवर सूत्र मिळतंच आहे, मग खऱ्या ओळी द्यायची गरजही उरत नाही.

काकांकडे येते. तुम्ही असं धरून चाललाय की शेठना कळलं की काका गेले. होऊ शकतं, मी खात्री देणार नाही. पण तुम्ही काकांना एकदा तरी विचारलंत का? पत्रात कुठेही काकांशी बोलल्याचं दिसत नाही. तुम्ही त्यांच्या वतीने घाबरताय, त्यांच्या वतीने गप्प बसताय, आणि त्यांना याचा पत्ताही नाही. 58 वर्षांच्या माणसाला आपल्यापासून काय लपवलं जातंय हे बहुधा कळलेलं असतं. रोजच्या डब्याच्या वेळी तुमच्या मोकळ्या झालेल्या टेबलाकडे त्यांचंही लक्ष गेलंच असेल.

आणि काकांचं काम नुसतं टिका मारण्याचं आहे का? 2022 च्या जानेवारीपासून जे बिल 2बीत दिसत नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे "फक्त आपल्याकडे" या गटातली प्रत्येक ओळ हा शेठचा अडकलेला पैसा आहे. तो सोडवायचा तर पुरवठादाराला फोन करावा लागतो. "भाई, तमारुं बिल देखातुं नथी" म्हणून गोड बोलावं लागतं, दोनदा आठवण करावी लागते, कधी तो खोटं बोलतोय हे आवाजावरून ओळखावं लागतं. 14 ते 20 च्या धावपळीत आजवर या फोनांना वेळ कोणाला होता? पुरवठादारांना वर्षानुवर्षं ओळखणारे काका या कामाला तुमच्या-माझ्यापेक्षा बरे. आणि ती पंधरा बिलं कागदाशी लावून बघायची आहेत ना, तिथे त्यांची पेन्सिलच हवी. सूत्र लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच ताळा पाहिला तर स्वतःची चूक दिसत नाही. दुसरे डोळे लागतात.

म्हणून शेठच्या आधी काकांशी बोला. काम कसं करतेय ते दाखवा, लपवलं होतं हेही सांगा. रागावतील कदाचित. रागावू द्या.

शेठकडे 14 ते 20 च्या मध्ये जाऊ नका. 3बी भरून झालं, डोकं शांत झालं की जा. तुम्ही नेहमी गुजरातीतच बोलत असणार, तर "शेठ, एक वात करवी छे" इथून सुरुवात पुरेशी आहे. हातात एक कागद असू द्या. त्यावर गेल्या तीन महिन्यांत "फक्त आपल्याकडे" या गटात किती रुपयांचं क्रेडिट अडकलं होतं तो आकडा लिहा. धंदा करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तो दिसू दे. मग सांगा की जुळवणी आता लवकर होते, कशी होते, आणि वाचलेला वेळ काका आणि मी या पैशामागे लावणार आहोत. त्यानंतर डेटाचं सांगा, काहीही न वगळता: सुरुवातीला पूर्ण फाइल वापरली होती, आता पुसली आहे, यापुढे असं होणार नाही, आणि वापरायचंच असेल तर ऑफिसच्या नावाने वेगळं खातं घ्यावं असं माझं मत आहे. हा भाग सांगताना तुमचा आवाज कापेल, तरी गाळू नका. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर आधीचं सगळं खरं बोलणंही खोटं ठरतं.

आणि ताई, स्वतःसाठी एक मागून घ्या. 14 ते 20 या तारखांना सहा वाजता निघण्याची मुभा. मुलीचं बारावीचं वर्ष आहे. इतकी वर्षं तुम्ही त्या संध्याकाळी कारखान्याला दिल्या, ओव्हरटाइम मिळाला की नाही याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. काम पूर्ण झाल्यावर वेळेवर घरी जायला परवानगी मागणं यात लाजण्यासारखं काही नाही. शेठ पगारवाढ देतील की नाही हे त्यांच्यावर आहे, पण हा विषयही एप्रिलमध्ये काढायला तुम्ही मोकळ्या आहात. त्या वेळी गेल्या काही महिन्यांत सोडवलेल्या क्रेडिटचा आकडा सोबत न्या.

शेठ बिथरले तर? काही मालक बिथरतात. "कम्प्युटरमां नाखवानुं बंध करो" (कम्प्युटरमध्ये टाकणं बंद करा) म्हणतील. तसं झालं तर ऐका. कारखाना त्यांचा, कागद त्यांचे, तो निर्णय त्यांचाच आहे. पण तुमच्या एक्सेलमध्ये बसलेली सूत्रं तशीच राहतात. ती चालवायला इंटरनेट लागत नाही, कुठलं खातं लागत नाही आणि कोणाची माहिती बाहेर जात नाही. पुढच्या 14 तारखेला नवी 2बी त्या शीटमध्ये टाकलीत की चारही गट समोर येतील, आणि त्यांचा अर्थ लावायला तुम्ही आणि काका आहातच. फक्त एवढं करा, त्या पहिल्या महिन्यात काकांची प्रिंट आणि तुमचं शीट दोन्ही शेजारी ठेवून जुळवून बघा, आणि जिथे फरक निघेल तिथे कोण बरोबर होतं ते फाइलच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांत शेठनाही तो कागद दाखवता येईल.